शैले, शनिवार बंद होणार नाही

शैले, तुझ्या शोकसभेत मी भांडले.

दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते. अकोल्याला तुझ्या कॉलेजच्या त्या लांबट हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो होता. ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला, ज्यात तू कोणाला तरी रागावण्याच्या बेतात दिसतेस. हार होता, उदबत्ती होती. मी अमरावतीहून सकाळच्या बसनं आले आणि गप्प बसायचं असं ठरवूनच आले. आधी दोघंतिघं बोलले. एकानं तुला मनमिळाऊ म्हटलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्यानं 'मृदुभाषी' म्हटलं तेव्हा शेजारी बसलेल्या तुझ्या वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी पटकन नजर वळवली, नाहीतर तिथंच हसू फुटलं असतं.

मग प्राचार्य उठले. गृहस्थ वाईट नाहीत. तुझ्याबद्दल त्यांना खरंच वाटत होतं. म्हणाले, "मॅडमनी कोरोनाच्या काळात गणिताचा ऑनलाइन उपक्रम राबवला. ती काळाची गरज होती. तो काळ सरला, आणि आज मॅडमही आपल्यात नाहीत. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ यापुढे दरवर्षी याच सभागृहात एक व्याख्यान होईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत वाजवत नाहीत, पण वाजल्या.

मी उठून उभी राहिले.

"सर, तो उपक्रम नाही. तो सेमिनार आहे. मागच्या शनिवारी झाला, तेव्हा शैला दवाखान्यातून हजर होती. आणि येत्या शनिवारी होणार आहे."

"मॅडम, आजचा प्रसंग जरा..."

"प्रसंग तिचा आहे म्हणूनच बोलते. व्याख्यान खुशाल ठेवा. पण तिच्यासोबत सगळं संपलं असं या माइकवरून सांगू नका. ज्यांना या हॉलपर्यंत येता येत नाही त्यांच्या कानावर हे जाईल, आणि त्यांना ते खरं वाटेल."

वहिनी माझा पदर ओढत होती. मागून कोणीतरी "बसा, बसा" म्हणालं. मी बसले नाही. प्राचार्यांनी हात जोडले आणि "आपण दोन मिनिटं मौन पाळू" म्हणाले तेव्हा कुठं माझं उभं राहणं नियमात बसलं. निखिल, तुझा लेक, पहिल्या रांगेत मान खाली घालून होता. मला वाटलं, पोरगं दुखावलं. बाहेर येऊन चपला घालताना तो जवळ आला आणि म्हणाला, "मावशी, आई असती तर याच्याहून जोरात बोलली असती."

रडले मी तेव्हाच. हॉलमध्ये नाही.

लोक तुझ्याबद्दल जे सांगत होते त्यात तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझी नोकरी सगळं बरोबर होतं. फक्त त्यात तू नव्हतीस. तू मला भेटलीस ती एम. एस्सी.ला, अमरावतीच्या होस्टेलात. मी शिक्षकाच्या घरची, तोलूनमापून बोलणारी. तू मूर्तिजापूरकडची, काळ्या शेतीतली, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणालीस, "तू पुण्याची होय का वं? असं छापल्यासारखं काहून बोलून राहिली?" मी परतवाड्याची आहे हे कळल्यावर तू इतकी हसलीस की वॉर्डन वर आल्या.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं. वर्गात सरांनी झाडांचा तो प्रश्न सांगितला होता. कागदावर काही ठिपके काढायचे आणि ते रेघांनी असे जोडायचे की सगळे एकमेकांना जोडले जातील, पण कुठंही फिरून घेरा होणार नाही. याला आपल्या गणितात झाड म्हणतात. मग प्रत्येक ठिपक्याला एकेक वेगळा अंक द्यायचा, शून्यापासून सुरुवात करून रेघा जितक्या तितक्यापर्यंत. रेघेच्या दोन टोकांच्या अंकांची वजाबाकी त्या रेघेवर लिहायची. अंक असे वाटून दाखवा की कोणत्याही दोन रेघांवर सारखी वजाबाकी येणार नाही. छोट्या झाडांना जमतं. मोठ्या झाडांनाही जमत आलंय. पण जगातल्या प्रत्येक झाडाला जमेलच असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि न जमणारं एकही झाड कोणाला सापडलेलं नाही. तू म्हणालीस, प्रत्येकाला जमणार. मी म्हणाले, कुठंतरी एक अवाढव्य, वेडंवाकडं झाड असं असेल की ते जुमानणार नाही. त्यावरून आपण मेसमध्ये जेवण गार होईस्तोवर भांडलो. पुढं तू अकोल्याला लागलीस, मी अमरावतीला. लग्न तू केलंस, मी नाही. भांडण मात्र दोघींनी सांभाळलं.

मग टाळेबंदी आली. आई जाऊन वर्षच झालं होतं माझी. त्या मोठ्या घरात मी एकटी होते, आणि दूधवाल्याशी जे काय दोन शब्द होत तेवढंच बोलणं. एक दिवस त्याला पैसे देताना माझा आवाज घोगरा निघाला, वापरात नसलेल्या नळासारखा. त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला.

"मंदे, काय करून राहिली वं?"

"भांडी घासते आहे."

"कितीजनाइचे?"

"एकटीचीच. दुसरं कोण आहे इथं?"

"मंग एका ताटाले इतका वेळ? ठेव ते. शनिवारी सेमिनार घेऊ आपन."

"कुठं घ्यायचा? चौकात पोलीस उभे आहेत."

"मोबाइलवर! सारी दुनिया घेऊन राहिली. आपल्याले काय धाड भरली?"

मी नाही म्हणाले. सेमिनार म्हणजे एकानं उभं राहून आपली अर्धीकच्ची सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी ती कुठं फाटते ते शोधायचं. ते फळ्यावरच होतं, असं माझं म्हणणं होतं. माणूस फळ्यावर लिहितो तेव्हा त्याचा हात कुठं अडखळतो ते दिसतं. डोळे कुठं पळतात ते दिसतं. पडद्यावर काय दिसणार, कपाळ? तू म्हणालीस, "तुले हात पाह्यचा आहे न? दाखवतो."

आणि दाखवलास. भाऊजींची युक्ती होती ती. त्यांनी तुमची वेताची जुनी खुर्ची टेबलावर चढवली. तिची वीण मधोमध तुटलेली होती. त्या भोकावर मोबाइल उपडा ठेवला की त्याचा कॅमेरा सरळ खाली बघे, आणि खुर्चीच्या पायांमध्ये तू कागद ठेवून लिहीत असायचीस. आम्हाला वरून फक्त पांढरा कागद, तुझा हात आणि हिरव्या बांगड्या दिसायच्या. हात अडखळला की बांगड्या थांबत. मी कबूल केलं नाही, पण फळ्याचं काम बऱ्यापैकी भागत होतं.

पहिल्या शनिवारी निम्मा वेळ "आवाज येऊन राहिला का?" यातच गेला. कोणाच्या घरी कुकर शिट्ट्या देत होता, कोणाचा नवरा मागून बनियनवर गेला. पण दुसऱ्या शनिवारी लोक वाढले, तिसऱ्या शनिवारी आणखी. दर्यापूरचे, अचलपूरचे, वाशीमचे, आपले जुने विद्यार्थी, कॉलेजात तासिकेवर शिकवणारे, संशोधन अर्धवट सुटलेले. नियम तू एकच केलास. बोलणारा कितीही मोठा असो, कोणीही मध्येच थांबवून 'समजलं नाही' म्हणायचं. आणि ज्याला जशी येते तशा भाषेत बोलायचं. एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांना तू बोलावलंस. त्यांनी आदल्या दिवशी कळवलं की शिस्तीसाठी सगळ्यांचे माइक बंद ठेवावेत, प्रश्न शेवटी घ्यावेत. तू त्यांना फोन लावलास. मी त्याच वेळी तुझ्याशी बोलत होते म्हणून मलाही त्यात जोडून घेतलंस. "सर, आमच्याकडं लोक मधातच बोलतात. तुमाले त्रास होत असंल तर आमी समजून घेऊ, दुसऱ्या कोनाले बोलावू." मला वाटलं, गेला हा माणूस. ते हसले आणि आले. व्याख्यानाच्या निम्म्यावर त्यांना इतक्यांदा अडवलं गेलं की शेवटचा भाग राहून गेला, आणि तो सांगायला ते पुढच्या शनिवारी आपणहून परत आले.

ते लॉबस्टरबद्दल बोलत होते, आठवतं? झाडांचा एक प्रकार, सुरवंट नावाच्या प्रकाराच्या पुढचा, ज्याला सगळं जग लॉबस्टर म्हणतं. तू मध्येच म्हणालीस, "सर, आमच्या इथं लॉबस्टर कोनी पाह्यला? खेकडा म्हना. मेळघाटातलं पोरगंबी ओळखते." तेव्हापासून आपल्या सेमिनारात त्याला खेकडाच म्हणतात. तेही म्हणायला लागले.

पडद्यावरच्या नावांमध्ये एक नाव होतं उज्ज्वला. तुझी विद्यार्थिनी. पीएच.डी.ला लागली होती. मग शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागवाल्या मोठ्या घरात तिचं लग्न झालं आणि संशोधन राहिलं ते राहिलंच. घरात नेटवर्क यायचं ते फक्त माडीवरच्या, रिकामे क्रेट ठेवलेल्या खोलीत. ती कॅमेरा कधी लावत नसे, आवाजही नाही. खाली टाइप करायची, 'समजलं' किंवा 'नाही समजलं'. एकदा मी तुला म्हणाले की ही मुलगी आहे तरी का तिथं, की मोबाइल चालू ठेवून स्वयंपाकाला जाते? तू म्हणालीस, "स्वयंपाक करून येते ती. आपन आयतं खाऊन येतो."

मग दुसरी लाट आली आणि भाऊजी गेले.

त्यांना दवाखान्यातून परस्पर नेलं. तू स्वतः तापात, घरात कोंडलेली, दारावर कागद चिकटवलेला. निखिल हैदराबादला अडकून पडला होता, फोनवर नुसता रडत होता. मी अमरावतीत. मधलं अंतर ते किती, बसनं जाऊन दुपारच्या जेवणाला पोचावं एवढं. पण कोणीच येऊ शकत नव्हतं. मी ग्रुपवर कळवून टाकलं की या शनिवारी सेमिनार होणार नाही. लगेच तुझा फोन आला.

"कोनं सांगतलं तुले रद्द कराले?"

"शैले, अगं तेरवी व्हायची आहे अजून."

"तेरवीले कोन येऊन राहिलं? माह्या दारात कुत्रं येत नाही सध्या. तिथं तरी या न सारे मले भेटाले."

"भेटायला येऊ की. पण सेमिनार कशाला? नुसतं बसू तुझ्यासोबत."

"नुसतं बसून तुमी माह्याकडं पाहसान. मले ते नाही पाह्यजे. माही पाळी आहे या शनिवारी, मी बोलनार."

आणि तू बोललीस. टेबलावर खुर्ची कोणी चढवून दिली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ताप अंगात असताना तू एकटीनंच चढवली असणार. पडद्यावर कागद आला, हात आला, आणि हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. तुझ्या चुलत सासूबाईंनी फोनवर तुला काय काय ऐकवलं होतं ते मला नंतर कळलं. बांगड्यांवरून आणि 'नवरा गेल्यावर चार दिवस मोबाइलवर बसल्यावाचून राहवलं नाही' यावरूनही. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "माह्या नवऱ्यानं जी खुर्ची टेबलावर चढवून दिली त्याच खुर्चीपाशी बसली होती. लांब नाही गेली."

त्या दिवशी तू खेकड्याच्या एका प्रकाराची सिद्धता मांडत होतीस. आवाज सपाट होता. मध्ये एकदा थांबलीस. कागदावर पेन टेकलेलं. कोणी माइक बंद केले नव्हते. सगळ्यांच्या घरचे पंखे ऐकू येत होते, कोणाच्या तरी खिडकीत कबुतरं घुमत होती, कोणीतरी दाबून रडत होतं. मला वाटलं आता हे थांबवावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक अनोळखी, बारीक आवाज आला.

"मॅडम, तिसऱ्या ओळीत दोन रेघांवर सारखाच अंक आला."

कोणाचा आवाज ते कळेना. पडद्यावर उज्ज्वलाचं नाव उजळलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मला तिचा असा राग आला की काय सांगू. ही वेळ आहे का? पण तुझा हात हलला. पेन तिसऱ्या ओळीवर गेलं, वर गेलं, परत आलं.

"हो न वं," तू म्हणालीस. "चुकलंच की माहं." आणि मग तू हसलीस, आणि हसता हसता ते रडणं झालं, आणि आम्ही सगळे त्यात मिसळलो. उज्ज्वला घाबरून "मॅडम सॉरी, मॅडम सॉरी" म्हणत राहिली. तू तिला म्हणालीस, "सॉरी काहून? आता दुरुस्त कशी कराची ते सांग." तिनं सांगितली. नीट, पायरी पायरीनं, माडीवरच्या खोलीतून. ती सिद्धता आज उभी आहे ती त्या दुरुस्तीवर.

त्यावरून आपण दोघी किती भांडलो! मी म्हणाले, त्या मुलीला काळवेळ कळत नाही. तू म्हणालीस, "तुमी सारे माही कीव करून राहिले होते. तिनं माहं गणित वाचलं." मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते, कीव नव्हती ती. मी तुझ्यासाठी रडत होते, आणि माणसानं माणसासाठी रडावं. तुला ते घेता येत नव्हतं, हा तुझा हट्ट होता. यात मी माघार घेणार नाही.

लाट ओसरली. कॉलेजं उघडली. मग वरून आलं की कार्यक्रम आता प्रत्यक्ष घ्या, बॅनर लावा, फोटो पाठवा. कॉलेजच्या नावानं चालणारी मीटिंगची सोय बंद झाली. तू दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावानं सुरू केलीस. मी मात्र आनंदात होते. म्हणाले, चला, संपलं ते कपाळ बघणं, आता सगळ्यांना अमरावतीला बोलावू. माझ्याच कॉलेजात, खऱ्या फळ्यासमोर. बोलावलं. जेवणात मांडे केले होते, पिठलं होतं, ठेचा होता. लोक आले, एकमेकांना पाहून ओरडले. "तुमी इतके उंच आहात?" असं चालू होतं. माझी छाती फुगली होती. आणि तू एका बाकावर लॅपटॉप फळ्याकडं तोंड करून ठेवून त्याच्यामागं बसलेली. सारखी उठायचीस, तो सरकवायचीस, बोलणाऱ्याला "जरा बाजूले व्हा, त्याइले दिसून नाही राहिलं" म्हणायचीस.

मी चिडले. "आज तरी ते बंद कर. समोर जिवंत माणसं आहेत."

"अन् हे काय मेलेले आहेत?" तू लॅपटॉपकडं बोट दाखवलंस. "मोज न मंदे. जे आले ते आधीपन येतच होते. कोनाची नोकरी आहे, कोनाची गाडी आहे. जे नाही आले त्याइले तुह्या या फळ्यानं कधी ओळख दाखवली होती का?"

मी म्हणाले, फळ्यासमोर जे होतं ते त्या डब्यात होत नाही. तू म्हणालीस, डब्यात जे होतं ते फळ्यासमोर होऊच दिलं नाही कोणी. मग जेवायला बसलो. मांडे संपले तेव्हा तू तुझ्या ताटातला अर्धा माझ्या ताटात टाकलास, तोंड फिरवूनच.

आणि मग या वर्षी तुझा तो फोन.

"मंदे, पोटात गाठ निघाली माह्या. पसरली आहे म्हनते डॉक्टर. तू रडशीन म्हनून आधी नाही सांगतलं. आता वेळ कमी आहे, तं पटकन रड अन् मंग आइक."

मी रडले. तू खरंच थांबलीस. मग म्हणालीस, "झालं? आइक आता. पुढचे शनिवार कोन कोन बोलनार ते मी लावून ठेवलं आहे. उज्ज्वलाले पुन्हा नाव नोंदवाले लावलं आहे पीएच.डी.चं, तिच्या घरी मी सोता बोलली. तिचा नवरा हो म्हनते, सासरा गप्प आहे. गप्प म्हनजे हो धर."

मी दवाखान्यात आले तेव्हा तू काटकुळी झाली होतीस आणि नर्सला 'वजाबाकी'चा खेळ शिकवत होतीस. माझ्यासमोर तू एकदाही भ्यायली नाहीस. एकटी असताना भ्यायलीस का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू विषय बदलला असतास. पण विचारायला हवं होतं असं आता वाटतं, आणि तू सांगायला हवं होतंस असंही वाटतं.

शेवटच्या शनिवारी तू दवाखान्यातून जोडली गेलीस. कॅमेरा बंद. तुझ्या नावाचा नुसता चौकोन, आणि मधूनच मागं कोणाच्या तरी बेडजवळच्या यंत्राचा आवाज. सेमिनार संपल्यावर तू बोललीस, अगदी हळू. मी मोबाइल कानाला लावला.

"मंदे, तुहं झाड सापडलं का?"

"नाही."

"मंग?"

"सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. हे तुला मी होस्टेलपासून सांगते."

"अन् मी तुले सांगून राहिली..."

आणि आवाज तुटला. नेटवर्क गेलं की तूच बंद केलंस, मला माहीत नाही. दोन दिवसांनी निखिलचा फोन आला.

काय सांगत होतीस ते मला माहीत आहे. तरी वाक्य पुरं करायला हवं होतंस. अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती तुला.

लोक सांगतात, गेलेल्या माणसाशी असलेला वाद मिटवून टाकावा, आत्म्याला शांती मिळते. शैले, तुला शांती कधी मानवली? मी मिटवणार नाही. तू गेलीस म्हणून प्रत्येक झाडाला अंक बसत नाहीत. ते सिद्ध करावं लागतं. जोवर कोणी करत नाही तोवर मी माझ्या जागेवर उभी आहे. तुझं म्हणणं मान्य करून तुझ्या फोटोला हार घालणं मला सोपं होतं. पण मग भांडायला कोण उरलं असतं?

एक मात्र मी कधी बोलले नाही. त्या टाळेबंदीतल्या दुपारी तू फोन केला नसतास, तर माझं काय झालं असतं मला ठाऊक नाही. मी हळूहळू बोलायचंच विसरले असते. आभार मानायची आपली रीत नाही. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "डोकं फिरलं का वं?" फिरलं असं समज. आता मानते.

शोकसभेनंतरचा शनिवार आला. मीटिंग तुझ्या नावानं होती, ती आता उघडेना. मी, जिला हे सगळं डबा वाटतं, माझ्या नावानं नवी काढली. निखिलनं फोनवरून एकेक पायरी सांगितली. मी दोनदा सगळ्यांना बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं. नावं येत गेली. दर्यापूर, अचलपूर, वाशीम. ते मोठे प्राध्यापकही आले. उज्ज्वला आली आणि तिनं कॅमेरा लावला. मागं क्रेटांची उतरंड, समोर ती, डोक्यावरचा पदर सारखा मागं सारत. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तुझ्या वर्णनापेक्षा मोठी दिसते, आणि डोळे रडून सुजलेले होते.

कोणीतरी म्हणालं, सुरुवातीला दोन मिनिटं मौन पाळू या. मी म्हणाले, "नाही. मौन हॉलमध्ये पाळून झालं. इथं शैलानं कोणाला गप्प बसवलेलं नाही, मीही बसवणार नाही. उज्ज्वला, सुरू कर."

तिनं सुरू केलं. दर पायरीला लिहिलेला कागद कॅमेऱ्यापुढं धरत गेली. खेकड्याचा आणखी एक मोठा प्रकार तिनं सोडवत आणला आहे. मी तिला तीन जागी अडवलं. दोन जागी तिनं मला गप्प केलं.

मध्येच एक नवं नाव आत आलं. पातूरची कोणी मुलगी, बी. एस्सी.ला आहे म्हणाली. माइक चालू ठेवूनच तिनं विचारलं, "मॅडम, शैला मॅडमचा सेमिनार हाच न? आमच्या सरांनी सांगतलं होतं. त्या नाही आल्या का आज?"

सगळे थांबले. उज्ज्वलानं पेन खाली ठेवलं. ती मुलगी बिचारी वाट पाहत राहिली.

"हाच सेमिनार," मी म्हणाले. "शैला मॅडम गेल्या बेटा, सोमवारी. बस. तुला आत्तापर्यंतचं समजलं का?"

ती गोंधळली. "मी... आता विचारू का मॅडम?"

"विचार."

तिनं विचारलं. प्रश्न चांगला होता, शैले. मला उत्तर आलं नाही.